कोरडा चाललेला पंप

भावाचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या मागच्या पायरीवर डबा उघडून बसले होते. दुपारच्या वेळी तो कधी फोन करत नाही. तो एका जुन्या, लहान मालवाहू जहाजावर चौथा इंजिनियर आहे. इंजिनियर म्हणून त्याचं ते पहिलंच जहाज. दिवसा तो इंजिनाच्या खोलीत असतो आणि तिथं रेंज पोचत नाही. म्हणून नाव दिसल्या दिसल्या माझ्या हातातला घास डब्यात परत गेला.

"आक्का, तुमच्याकडं कार्बन हाय का गं?"

बरी आहेस का, जेवलीस का, काही नाही. एकदम कार्बन.

मी बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात काम करते. तिथं पंपातून पाणी गळू नये म्हणून बसवतात ती मेकॅनिकल सीलं तयार होतात आणि झिजलेली दुरुस्तही होतात. आमच्याकडं जास्त काम साखर कारखान्यांचं. हंगाम सुरू व्हायच्या आधी निपाणी-चिकोडीकडून पोतीच्या पोती भरून सीलं येतात. जहाजांची क्वचित. माझं काम तपासणीचं. दुसऱ्यानं घासून गुळगुळीत केलेली कडी काचेखाली धरायची आणि चालेल की नाही ते सांगायचं.

"काय झालं सांग आधी," मी म्हणाले.

त्यानं सांगितलं. जहाज गोव्याला बंदरात होतं. माल भरून गुजरातकडं निघायचं होतं. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारे दोन पंप असतात, त्यातल्या एकाचं सील गेलं होतं आणि पाण्याची धार लागली होती. जहाजावर एक जादा सील होतं, पण बसवताना त्याची कार्बनची कडी तडकली.

"आणि दुसरा पंप?"

"दुसरा बी टिपकायला लागलाय."

कंपनीकडून नवं सील यायला बराच वेळ लागणार होता आणि जहाज तोवर थांबणार नव्हतं. त्याच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे चीफ इंजिनियरना, माहीत होतं की याची बहीण बेळगावात हेच काम करते. त्यांनीच विचारायला सांगितलं होतं.

मी डबा तसाच बंद करून मालकांकडं गेले. मालक स्वतः कारागीर माणूस, लेथवर उभे राहूनच त्यांनी कारखाना वाढवला. त्यांनी मापं विचारली, कपाटातून कार्बनचा ठोकळा काढून बघितला आणि म्हणाले, "होईल. कार्बनची नवी कडी मी लेथवर काढतो. समोरची कठीण कडी चिरली नसेल तर घासून सरळ करता येईल. पण कड्या घासणारा लॅपिंगवाला गोकाककडं लग्नाला गेलाय. लॅपिंग तुला करावं लागेल."

"सर, मी शिकण्यापुरतंच केलंय."

"मग आता शिकून झालं समज."

ते सहज बोलले, पण काम सहज नव्हतं. सीलमध्ये दोन कड्या एकमेकींना टेकून असतात. एक स्थिर राहते, दुसरी पंपाच्या दांड्याबरोबर फिरते. स्प्रिंग त्यांना दाबून धरते. त्या दोन फेसच्या, म्हणजे टेकणाऱ्या बाजूंच्या, मध्ये पाण्याचा एक पापुद्रा असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ. तेच त्यांचं वंगण. तो पापुद्रा जाड झाला तर पंप गळतो. तो नाहीसा झाला तर कड्या एकमेकींना खातात, तापतात, जळतात. म्हणून दोन्ही फेस अगदी सपाट लागतात. एरवी एकजण घासतो आणि दुसरा तपासतो. चुकलं तर एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. या वेळी घासणारी मी, तपासणारीही मी. आणि ते सील ज्या खोलीत फिरणार होतं, तिथं माझा भाऊ उभा असणार होता.

झिजलेलं सील त्यानं एका खाजगी बसच्या ड्रायव्हरकडं दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून स्टँडला जाऊन ते आणलं. बिस्किटांच्या डब्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं होतं. बनियनला डिझेलचा वास येत होता. टेबलावर उघडलं आणि बघतच राहिले.

कार्बनच्या कडीवर गोल गोल चरे पडले होते आणि कडेचे कपचे उडाले होते. रबराची रिंग जळून बिस्किटासारखी कडक झाली होती, बोटानं दाबली तर तुटली. स्टीलच्या भागावर निळसर झाक होती. वाळू-गाळानं झिजलेलं सील मी पुष्कळदा बघितलंय. ते वेगळं दिसतं, खरवडल्यासारखं. हे खरवडलेलं नव्हतं, हे भाजलेलं होतं. पंप कधीतरी कोरडा चालला होता.

मालकांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. "पाणी न घेता फिरलंय," ते म्हणाले आणि लेथकडं गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता.

माझ्या दृष्टीनं तिथं सुरू झाला. पंप कोरडा चालतो तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी झडप नीट उघडलेली नसते, किंवा हवा न काढताच बटण दाबलेलं असतं. त्या जहाजावर पंपांचं काम चौथ्या इंजिनियरकडं असतं. म्हणजे माझ्या भावाकडं. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. त्याला काय विचारणार? तूच जाळलास का म्हणून? आणि त्यानं नाही म्हटलं तर मी विश्वास ठेवणार होते का? संध्याकाळी त्यानं मेसेज केला, 'मिळालं का?' मी लिहिलं, 'मिळालं, काम चालू आहे.' एवढंच.

कठीण कडी चिरलेली नव्हती, ते एक नशीब. ती हिऱ्याची पेस्ट लावून बिडाच्या सपाट तव्यावर घासायची. हात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा आणि मध्ये मध्ये कडी थोडी वळवायची, म्हणजे एकाच बाजूला जोर पडत नाही. ती जमली. अडली ती नवी कार्बनची कडी. कार्बन मऊ असतो, हाताचा जराही कल तो लपवत नाही. घासून, धुऊन, पुसून मी ती पिवळ्या दिव्याखाली ठेवली आणि वर तपासणीची जाड काच टेकवली. सपाट फेसवर काचेखाली काळ्या रेषा सरळ आणि सारख्या अंतरावर दिसतात. माझ्या रेषा वाकल्या होत्या. पातळ काकडीच्या फोडीसारख्या.

पुन्हा घासली. रेषा वाकड्याच, फक्त उलट्या बाजूला.

त्या कडीचं नाक, म्हणजे पुढं आलेला काठ, ठराविक उंचीचं असतं. प्रत्येक वेळी घासताना ते थोडं थोडं कमी होतं. फार घासलं तर कडी फेकायची आणि तेवढ्या मापाचा कार्बनचा ठोकळा आमच्याकडं दुसरा नव्हता. माझे हात घामेजले. घामट हातानं कडी धरायची नसते. मी हात धुतले, पुसले, परत धुतले. मालक लांबून बघत होते. ते जवळ आले आणि माझ्या हातातून कडी काढून फडक्यावर ठेवली.

"तू दाबतेस," ते म्हणाले. "घाबरलं की माणूस दाबतो. जा, चहा पिऊन ये."

मी चहा प्यायले नाही. नळाखाली मनगटं धरून उभी राहिले. शेजारच्या फाउंड्रीत साचे फोडत होते, त्याचा आवाज येत होता. परत आले आणि बोटं नुसती टेकवून, कडीला तिच्याच वजनावर फिरू दिलं. काचेखाली ठेवली. रेषा सरळ आल्या. मी डोळे मिटून उघडले, काच उचलून कडी वळवून पुन्हा ठेवली. सरळच होत्या. मालकांनी बघून मान हलवली. तरी माझा माझ्यावरच भरवसा बसेना. घरी जायच्या आधी आणखी एकदा दिवा लावून बघितलं.

वडगावात मी भाड्याच्या खोलीत राहते. भिंतीपलीकडं घरमालकांचे माग चालतात. त्या खडखडाटात मी एरवी छान झोपते. त्या संध्याकाळी मात्र माग थांबले की मला वाटे काहीतरी बंद पडलं, आणि सुरू झाले की वाटे काहीतरी घासतंय.

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. माझे वडील बोरगावला असतात. आमची ऊस-तंबाखूची शेती आहे. भाऊ जहाजावर गेला ते त्यांना कधी पटलं नाही. शेतीत तो हवा होता म्हणून नव्हे, त्यांनी नंतर गडी ठेवला. त्यांचं म्हणणं एकच, जिथं पाय टेकायला जमीन नाही तिथं माणसानं पोट भरायला जाऊ नये. गेल्या सुट्टीत दोघांचं मोठं भांडण झालं होतं. तेव्हापासून भाऊ फोन आईला करायचा आणि आप्पा शेजारी बसून फक्त ऐकायचे.

"तू उद्या गोव्याला चाललीस म्हनं," आप्पा म्हणाले. सील बसवाले नीट पोचवतील की नाही याची मला खात्री वाटत नव्हती, म्हणून मी स्वतःच घेऊन जाणार होते. आईला सांगितलं होतं, तिनं यांना सांगितलं.

"व्हय आप्पा. एका दिवसात परत येणार."

"मी बी येतो."

"तुम्ही कशाला?"

"तुझ्या आईनं भाकरी दिल्यात त्याला."

सकाळी ते निपाणीहून पहिल्या गाडीनं आले. धोतर, पांढरी टोपी आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, गुळाच्या पोळ्या. आम्ही जैन, म्हणून कांदा-लसूण काही नाही. जहाजावरच्या स्वयंपाकाबद्दल आईच्या मनात ज्या शंका आहेत, त्या सगळ्यांचं उत्तर त्या पिशवीत होतं. माझ्या मांडीवर सीलचा डबा होता. मी कड्या मऊ कागदात, मग स्पंजात गुंडाळल्या होत्या. चोर्ल्याच्या घाटात बस प्रत्येक वळणाला हिसका देई आणि मी डबा छातीशी धरी. आप्पांनी बऱ्याच वेळानं विचारलं, "हे एवढं नाजूक हाय तर समुद्रात कसं टिकतंय?"

मी त्यांना पाण्याच्या पापुद्र्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

बंदराच्या गेटच्या आत आम्हाला सोडणार नव्हते. रस्त्यापलीकडं एका टपरीच्या सावलीला उभे राहिलो. भाऊ आला तेव्हा मी त्याला आधी ओळखलंच नाही. नारिंगी बॉयलर सूट, गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. आप्पांना बघून तो मधेच थांबला. मग आला आणि वाकून पाया पडला.

"वाळलास," आप्पा म्हणाले.

"उकाडा हाय आत," तो म्हणाला.

मी डबा त्याच्या हातात दिला. बसवताना फेसला बोट लावू नको, स्वच्छ पाण्यानं ओलं करून मगच बसव, स्प्रिंग वाकडी बसू देऊ नको, मी एका दमात सांगत गेले. तो 'हं, हं' करत होता. जे खरं बोलायचं होतं ते सोडून बाकी सगळं मी बोलले. चीफना कळलं तर त्याचं काय होईल? आप्पांसमोर कसं बोलायचं? घरी जाऊन फोनवर सांगू, असं मी ठरवूनही टाकलं.

आप्पा जुनी जळकी कडी हातात घेऊन बघत होते. ती मी त्याला दाखवायला आणली होती. ते सहज म्हणाले, "आपली बोअरची मोटर जळलीती, तवा असंच झालतं बघ. पानी खाली गेलतं आनि ती तशीच फिरत ऱ्हायली. ह्यो बी कोरडाच चाललाय व्हय रं?"

त्यांनी फक्त विचारलं होतं. त्यांच्या आवाजात दुसरं काही नव्हतं. पण भावाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तो टपरीच्या बाकावर खाली बसला.

"आक्का, तुला कळलंतं?"

"कडी बघितल्या बघितल्या कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

मी आप्पांकडं बघितलं. तोच बोलायला लागला. पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणारी मोठी गाळणी असते, ती त्यानं साफ केली होती. झाकण लावून पंप सुरू केला. आत अडकलेली हवा आधी काढायची असते. काढली होती, पण पूर्ण निघाली का ते त्यानं बघितलं नव्हतं, कारण वरून कुणीतरी हाक मारली. परत आला तेव्हा पंप किंचाळत होता. त्यानं तो लगेच बंद केला, हवा काढली, परत चालू केला. नीट चालला. कुणाला काही बोलला नाही. त्यानंतर थोड्या दिवसांनी गळती सुरू झाली.

"साहेबांस्नी सांगितलं तर मला घरी पाठिवतील. पहिलंच जहाज हाय माजं, आक्का."

"तम्मा," लहानपणापासूनच्या हाकेनं मी म्हणाले, "हवेनंच झालं असंल तर पुढं नीट होईल. पण कशानं कोरडा पडला ते शोधल्याशिवाय नवी कडी बसवलीस आणि कारण दुसरंच असलं, तर ही बी जळंल. आणि तवा तुम्ही भर समुद्रात असणार. सांग त्यांना."

तो आप्पांकडं बघत होता. मला वाटलं, आता आप्पा म्हणणार, तवाच सांगितलंतं जाऊ नको. आप्पांनी कडी माझ्याकडं दिली, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "सांगून टाक. पाठिवलं घरी तर ये. घर हायच की."

भाकरीची पिशवी आणि डबा घेऊन भाऊ गेटातून आत गेला. त्यानं वळून बघितलं नाही आणि मला कळेना की तो सांगणार आहे की नाही.

परतताना आप्पांना सूर्यास्ताच्या आधी जेवायचं होतं. बस घाटात एका ट्रकमागं अडकली. आप्पा उन्हाकडं बघत होते, मी फोनकडं. शेवटी त्यांनी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली एक पोळी मोडून अर्धी मला दिली आणि बसल्या जागीच आम्ही जेवण उरकलं.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'बसवलं. निघतोय.' चीफना सांगितलं का, याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी विचारलं. मेसेजवर एकच टिक राहिली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आठवलं तरी नकोसं होतं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली. आप्पा कधी हवामान बघत नाहीत, ऊसतोडीच्या वेळी फक्त आभाळ बघतात. आता ते टीव्हीसमोरून हलत नव्हते. आई फोन करून विचारायची, तुझं ते जोडकाम घट्ट आहे ना? मी म्हणायची, आहे. मग कामावर जाऊन शांतपणे दुसऱ्यांच्या कड्या तपासायची आणि प्रत्येक सरळ रेषा बघून वाटायचं, त्या दिवशी मला खरंच सरळ दिसल्या होत्या का? का मला सरळ दिसायला हव्या होत्या? मी मालकांनाही विचारलं. ते म्हणाले, "मी पण बघितल्यात की." त्यानं जरा वेळ बरं वाटे, मग मनात येई, त्यांनी माझ्याकडं बघून तर मान हलवली नसेल?

सील फुटलं तर काय होईल, ते मला नको इतकं नीट माहीत होतं. पाणी मोटरवर उडणार, मोटर जळणार, इंजिन तापणार, बंद करावं लागणार. मग लाटांमध्ये आडवं पडलेलं जहाज. मी ते कुणाला सांगितलं नाही. शेजारणीनं विचारलं, तब्येत बरी नाही का, तर पित्त झालंय म्हणाले.

एका सकाळी कामावर निघताना फोन वाजला. भावाचा आवाज खरखरीत होता आणि मागं वाऱ्याचा घोंघाट.

"आक्का, पोचलो गं."

मी स्कूटर परत स्टँडवर लावली. पायरीवर बसले.

त्यानं सगळं सांगितलं. गेटवरून गेल्या गेल्या तो चीफकडं गेला होता. ते आधी ओरडले, खूप ओरडले. मग म्हणाले, चल, सगळं उघडून बघू. पंपातून सीलकडं पाणी नेणारी एक बारीक नळी असते. ती सोडवली तर आत बारीक शिंपल्या आणि मीठ गच्च बसलेलं. सीलला पाणी पोचतच नव्हतं.

"म्हणजे तुझी चूक नव्हती?"

"साहेब म्हणत्यात, दोन्ही असंल. कशानं किती जळलं ते आता कुनालाच सांगता येनार न्हाय. मला त्यांनी सगळ्या पंपांच्या नळ्या साफ करायला लावल्या. दुसऱ्याची बी तशीच भरलीती."

पण तो दुसरा पंप वाटेत गेलाच. ज्या दिवशी समुद्र सगळ्यात जास्त खवळला होता, त्याच दिवशी त्याचं सील पूर्ण सुटलं. पुढची सगळी वाट त्यांनी आमच्या एकाच पंपावर काढली. भाऊ टॉर्च घेऊन त्याच्याजवळ बसून होता.

"सुरुवातीला टिपकला गं. माझं काळीज थांबलं. मग कड्या एकमेकींत बसल्या आनि बंद झाला. कोरडा खट्ट. बाहेरनं कोरडा म्हंतोय मी, आतनं न्हाय," आणि तो हसला. किती दिवसांनी.

मी रडायला लागले ते त्याला कळू नये म्हणून फोन लांब धरला. मग सांगितलं, "बोरगावला फोन कर. आईला."

"केलाय. आप्पांनी उचलला."

"काय म्हणाले?"

"इचारत व्हते, लाट केवढी असती."

नंतर आईकडून कळलं, त्या दिवशी आप्पांनी फोन ठेवलाच नाही. अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी भावाला जहाजाबद्दल विचारलं. इंजिन केवढं असतं, पाणी आत कुठून घेतात, वादळात जेवता कसं, झोपता कुठं. आई दोनदा म्हणाली, पुरे, त्याला झोपू दे. आप्पांनी तिला हातानंच गप्प केलं आणि पुढचा प्रश्न विचारला.